भेट मिळालेली साग्रांतीनो वाईन प्यायल्यावर तोंड एकदम आवळलं. बाटली खराब झाली असेल का?

नाही, खराब झालेली वाटत नाही. बूच काढल्या काढल्या ओतली, सोबत नुसता चिवडा होता आणि दोन घोटांत जिभेवर पुट चढल्यासारखं झालं, असं तुम्ही लिहिलंय. साग्रांतीनो ही त्याच नावाच्या द्राक्षापासून केलेली इटलीतली लाल वाईन, आणि अशा वेळी ती हेच करते. बिघडलेल्या वाईनची लक्षणं वेगळी असतात. व्हिनेगरसारखा भपकारा येतो, नाहीतर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि उन्हात तापलेली असेल तर फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागते. यातलं काहीच तुमच्या वर्णनात नाही.

माझी पहिली गाठ तर तिच्या गावातच पडली, आणि माझीही तुमच्यासारखीच फजिती झाली होती. इटलीतल्या पेरुजा शहरात शिकत असताना एका रविवारी मोंतेफाल्कोला गेलो होतो. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात टेकडीच्या माथ्यावर वसलेलं हे तटबंदीचं गाव. तिथून सगळी दरी दिसते, म्हणून त्याला ‘उंब्रियाचा सज्जा’ म्हणतात. सान फ्रान्चेस्को चर्चमधली गोत्सोली या चित्रकाराची १४५२ सालची भित्तिचित्रं पाहिली (त्याच इमारतीत तिथल्या साधूंचं जुनं वाईनचं तळघरही आहे) आणि चौकाजवळच्या एका दुकानात चव घ्यायला बसलो.

रंग इतका गडद, की ग्लास तिरका धरला तरी पलीकडचं बोट दिसेना. वास मात्र भुलवणारा. पिकलेलं जांभूळ, आलुबुखार, थोडी दालचिनी आणि मागून वाळल्या पाल्याचा, रानाचा वास. घोट घेतला. क्षणभर गोडसर फळ लागलं आणि लगेच हिरड्या, गालांची आतली बाजू, जीभ, सगळं कोरडं ठणठणीत. कोवळी सुपारी लागते ना, तसं. मी पाणी मागितलं. दुकानातल्या बाईंनी मान हलवली आणि मेंढीच्या दुधाच्या चीजची बशी पुढे सरकवली. चीजचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घेतला, तर वाईन निम्म्याने मवाळ झालेली.

इंग्रजीत लिहिणारे या चवीसाठी दहा शब्द वापरतात, आपल्याकडे एकच पुरतो: तुरट. खरं तर ही नुसती चव नाही, तोंडातला स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. घोटामागून घोट घेतला की तुरटपणा साचत जातो. तो नुसत्या पाण्याने फारसा जात नाही. चीज किंवा मटण खाल्लं की टॅनिन लाळेऐवजी त्यातल्या प्रथिनांना चिकटतं. साग्रांतीनो ही इटलीतल्या सगळ्यात जास्त टॅनिनवाल्या द्राक्षांपैकी एक. गंमत म्हणजे द्राक्षातलं टॅनिन ज्या कॅटेचिनसारख्या कणांच्या साखळ्यांनी बनतं, त्याचं नाव आपल्या विड्यातल्या कातावरूनच पडलंय. खैराच्या लाकडातून काढतात तो कात. तेव्हा तुमच्या जिभेला या गोष्टीची ओळख नाही असं नाही.

गावातल्यांनीही हा तुरटपणा पूर्वी सरळ सोसला नव्हता. द्राक्षं जाळ्यांवर दोन महिने सुकवून ते ‘पास्सीतो’ नावाची गोड वाईन करायचे आणि ईस्टरला कोकराच्या मटणाबरोबर प्यायचे. कोरडी, म्हणजे गोड नसलेली साग्रांतीनो जगापुढे आली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. १९९२ साली तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. नियम असा, की मोंतेफाल्को साग्रांतीनो नाव लावायचं तर वाईन १०० टक्के याच द्राक्षाची हवी आणि किमान ३७ महिने मुरलेली हवी, त्यातले १२ महिने लाकडी पिंपात. एवढं मुरवूनही ती अशी, यावरून मूळचा स्वभाव ओळखा.

आता तुमच्या बाटलीचं. उरलेली ओतून देऊ नका. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. या वाईनला हवेचं एवढं वावडं नाही. माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ती माणसांत येते. प्यायच्या दोन तास आधी काचेच्या मोठ्या जगमध्ये ओतून ठेवा, फ्रिजमधला गारठा जाईल पण पुण्याच्या उन्हाळ्यातल्या खोलीएवढी गरम होणार नाही असं बघा. साधारण १८ अंश. तुरट वाईन फार गार झाली की जास्तच बोचते, आणि गरम झाली की अल्कोहोल नाकात जातं. हिच्यात ते १४-१५ टक्के असतं.

सोबत मटण हवंच. मात्र तांबडा रस्सा नको, तिखट आणि टॅनिन एकत्र आले की दोन्ही भडकतात. कमी तिखटाचं, चरबी असलेलं सुकं मटण करा. शाकाहारी असाल तर जुनं, खारट चीज. चिवडा-फरसाण बियरसाठी राहू दे.

आणि पुढच्या वेळी कोणी इटलीहून येत असेल, तर ‘मोंतेफाल्को रोस्सो’ मागवा. त्यात मुख्य द्राक्ष सांज्योवेझे (हेच आपल्या अकलूजलाही लावलंय) आणि साग्रांतीनो थोडीशीच. मी त्या रविवारी घरी परतताना तीच घेतली होती. साग्रांतीनोची बाटली घ्यायची हिंमत व्हायला अजून दोन खेपा लागल्या.