मित्राने माझी स्कूटर नेऊन चोरी केली आणि रात्री माझ्याकडेच झोपला, मीपण आरोपी होणार का?

स्कूटर देताना तो काय करणार ते तुला माहीत होतं का, सगळं तिथे अडकतं. माहीत असून दिलीस तर भारतीय न्याय संहितेचं कलम 45, अपप्रेरणा, आणि शिक्षा चोराएवढीच. माहीत नव्हतं तर तेवढ्यावरून काही होत नाही. पण रात्री झोपू दिलंस ते वेगळं प्रकरण, आणि त्यावर मला बोलायचंच आहे.

2021 मध्ये मामेभावाने माझी ओम्नी नेली, सावंतवाडीला लग्न आहे, मंडपाचं सामान न्यायचंय म्हणाला. मागची सीट काढून आमच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीत, ठेवली आणि निघाला रात्री साडेअकराला. मंडपाचं सामान रात्री साडेअकराला कोण नेतं? शंका आली होती, विचारलं नाही, कबूल. बांद्याला नाक्यावर गाडी धरली, नारळाच्या सोडणांखाली गोवा बनावटीच्या दारूचे बॉक्स. सोबतचा पोरगा सापडला, हा पळाला आणि पहाटे चारला पेडण्याला माझ्या दारात, गुडघ्यापर्यंत चिखल, एकाच पायात चप्पल.

चहा दिला. पोटमाळ्यावर ठेव चार दिवस, असा मामांचा फोन. मी म्हटलं सकाळी तू स्वतः हजर हो नाहीतर मी जाऊन सांगतो. गेला बिचारा. मला साक्षीदार केलं, गाडी मात्र कित्येक महिने तिकडेच सडली, टायर बसले. आणि मामा तेव्हापासून चवथीला बोलवत नाहीत. "घरचोच भुरगो मरे तो, घरात ठेवलो जाल्यार कसलो गुन्हो?" म्हणजे घरचाच पोरगा, घरात ठेवला तर कसला गुन्हा, असं त्यांचं म्हणणं.

तर गुन्हा असतो. गुन्हा केलाय हे माहीत असून शिक्षेतून वाचवायला आसरा दिला तर कलम 249. साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं, मग आसरा देणाऱ्याला त्याच्या पाव, म्हणजे 9 महिन्यांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही. तुला सकाळी पेपर वाचून कळलं असेल तर गोष्ट वेगळी, फक्त कळल्यावर काय केलंस ते विचारतील, तेव्हा चॅट डिलीट करत बसू नको.

माझं प्रकरण जुन्या आयपीसीतलं, म्हणजे न्याय संहितेआधीच्या कायद्यातलं, वर महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा, आणि मी वकील नाही, त्यामुळे जबाब देण्याआधी एखादा वकील गाठ.

आणि मामा, कोणी हे तुम्हाला दाखवलंच तर 249 चा अपवाद वाचा. त्यात फक्त नवरा-बायको सुटतात. आतेभाऊ नाही, बापूससुद्धा नाही.