वाचक विचारतात : इलेक्ट्रिक एमटीबीवर ऑफिस, महिन्याला पडतं किती?

प्रश्न : मी पुण्यात बावधनला राहतो, ऑफिस डेक्कनला, जाऊन-येऊन २० किलोमीटर. स्कूटर सोडून इलेक्ट्रिक एमटीबी (मोटर-बॅटरीवाली माउंटन बाइक, म्हणजे सायकल) घ्यायचा विचार आहे, बजेट ४० हजार. दुकानदार म्हणतो किलोमीटरला दहा-पंधरा पैसे फक्त. खरंच एवढं स्वस्त आहे का? आणि रोज चालवून अंग दुखत नाही ना?

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. विजेचा हिशोब त्याचा बरोबर आहे. या किमतीच्या सायकलीला सहसा ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी असते, म्हणजे ३६० वॉट-अवर, म्हणजे अर्धा युनिटसुद्धा नाही (युनिट म्हणजे हजार वॉट-अवर). पेडल मारत मारत मोटरची मदत घेतलीत तर किलोमीटरला १२ वॉट-अवर धरा, २० किलोमीटरला २४०, चार्जर गरम होतो त्यात थोडी वीज जाते ती धरून पाव युनिटच्या किंचित वर. युनिट सगळे आकार मिळून १० रुपयाला पडतं असं समजलं तरी दिवसाला तीनेक रुपये, महिन्याचे २४ दिवस धरले तर सत्तरच्या आत. पेडल न मारता नुसतं थ्रॉटल (स्कूटरसारखी मूठ) पिळत गेलात तर हेच दीडपट, पण तरी शंभराच्या आसपासच.

आता दुकानदाराने न सांगितलेलं. बॅटरी हेच तुमचं पेट्रोल आहे, फक्त ते आधीच विकत घेतलेलं असतं. साधारण ६०० फुल चार्जेसनंतर रेंज जाणवेल एवढी कमी होते, एका चार्जला ३० किलोमीटर धरले तर १८ हजार किलोमीटर, तुमच्या रनिंगला तीन वर्षं आणि वर थोडं. नवी बॅटरी १२ हजाराला धरा, म्हणजे महिन्याला सव्वातीनशे रुपये बाजूला टाकायचे, आणि खरंच टाकायचे कारण तीन वर्षांनी एकदम १२ हजार काढायला जिवावर येतं आणि मग सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते. वर टायर, चेन, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग मिळून महिना अडीचशे-तीनशे. मोटरच्या जोराने चेन आणि मागचे गिअर साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतात, आणि २२-२५ किलोची सायकल उताराला थांबवताना पॅडही. सगळं मिळून साडेसहाशे-सातशे रुपये.

स्कूटरला तेवढ्याच ४८० किलोमीटरला, ४५ चं ॲव्हरेज आणि लिटरला एकशे पाच रुपये धरले तर अकराशेच्या आसपास पेट्रोल. म्हणजे फरक साडेचारशेचा. स्कूटर विकलीत तर इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, ऑइल वाचतं आणि गणित चांगलं जमतं, पण ‘असू दे, पावसात लागेल’ म्हणून खाली उभीच ठेवलीत तर सायकलीचे ४० हजार फिटायला सात वर्षं लागतील. माझी स्वतःची स्कूटर तशीच उभी होती, दीड वर्ष. पैशासाठी घेऊ नका एवढंच, बाकी कारणं भरपूर आहेत.

अंगाचं म्हणाल तर तुमचा रस्ता सकाळी बराचसा उताराचा आणि संध्याकाळी चढाचा, हे बरंय, ऑफिसला घामाघूम न होता पोचाल आणि घरी जाताना कोथरूड डेपोपासून चांदणी चौकापर्यंतच्या चढाला मोटर पैसे वसूल करून देईल. तिथे असिस्ट (मोटरच्या मदतीची पातळी) तीनवर आणि गिअर हलका, दोन्ही. लोक जड गिअर तसाच ठेवून मोटरच्या भरवशावर चढतात, मोटर कण्हते, बॅटरी भसकन उतरते, आणि मग सायकलला नावं ठेवतात.

एमटीबी म्हणजे सस्पेन्शन म्हणजे आराम, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण या किमतीत सस्पेन्शन सहसा फक्त पुढे असतं, तुम्ही बसता मागच्या चाकावर, आणि हब मोटरचं (चाकाच्या मधोमध बसवलेल्या मोटरचं) वजनही तिथेच, त्यामुळे स्पीडब्रेकरचा दणका थेट माकडहाडाला. खरा आराम टायरमध्ये आहे. कंपनीचे खड्ड्याखड्ड्यांचे टायर डांबरी रस्त्यावर घूंऽऽ आवाज करतात, बॅटरी खातात, आणि मुठींमधून हाताला मुंग्या आणतात. मी मधे गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेले टायर टाकले, हवा ४०-४५ पीएसआय, आणि पहिल्याच दिवशी वाटलं की आधीचे सहा महिने उगाच सोसले. हँडल थोडं वर घ्या, सीटवर जेलचं कव्हर घालू नका (आठवड्यात सरकायला लागतं), आणि स्पीडब्रेकरला पेडलवर उभं राहायची सवय लावा. मडगार्ड मात्र पहिल्या दिवशीच, पूर्ण लांबीचे. एमटीबीला ते सहसा येत नाहीत आणि पहिल्या पावसात शर्टाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ उमटते, ती लिफ्टमध्ये सगळे बघतात आणि बोलत कोणी नाही.

प्रश्न : हब मोटरचं मागचं चाक पंक्चर झालं की पंक्चरवाले हात लावत नाहीत. काय करायचं? (नाशिक)

उत्तर : चाक काढायचंच नाही. माझं पुण्यात नळस्टॉपजवळ झालं होतं, पंक्चरवाल्याने वायर बघून लांबूनच हात जोडले, ‘साहेब करंट लागंल.’ मी बॅटरी काढून त्याच्या हातात दिली तेव्हा कुठे बसला. सायकल उलटी केली, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवली, ट्यूब बाहेर ओढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे दिसले तिथे पॅच, आणि टायरच्या आतून बोट फिरवल्यावर तारेचा केसाएवढा तुकडा निघाला. पंधरा मिनिटं. तो तुकडा शोधल्याशिवाय ट्यूब आत घालू देऊ नका, नाहीतर पुढच्या चौकात परत तेच. ट्यूबच बदलायची असेल तर चाक काढावं लागतं, तेव्हा मोटरचा कनेक्टर आधी सोडा (त्यावर बाण असतात, परत लावताना बाणासमोर बाण), आणि नटासाठी सहसा १८ नंबरचा पाना लागतो, तो बॅगेतच ठेवा. वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढा. त्यातला एक दातवाला वॉशर एक्सल (चाकाचा मधला दांडा) फिरू देत नाही, तो उलटा बसला तर वायर पिळवटून तुटते.

प्रश्न : दुकानात ‘स्पीड अनलॉक’ करून देतो म्हणतात, ३५-४० पळेल. करू का?

उत्तर : नका करू. २५० वॉटच्या आतली मोटर आणि २५ च्या आतला वेग, एवढ्यापुरतीच लायसन्स-नंबरप्लेटची सूट आहे. अनलॉक केलीत की कायद्याने ती मोटार वाहन, आणि अपघात झाला तर तुमच्याकडे ना कागद ना विमा. शिवाय या सायकलींचे ब्रेक ४० साठी नसतात.

प्रश्न : पावसाळ्यात चालवली तर चालेल का? भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावते, बरोबर आहे ना? (रत्नागिरी)

उत्तर : चालवा, पाऊस सोसते. फक्त गुडघाभर पाण्यातून नेऊ नका, हब बुडालं की बेअरिंगमधून पाणी आत जातं. प्रेशरच्या पाण्याने धुऊ तर अजिबात नका, पावसापेक्षा तेच जास्त घातक. लगेच चार्जिंग मात्र बंद करा. बॅटरी काढून घरात आणा, तिची पिनांची बाजू कोरड्या फडक्याने पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मग लावा. कोकणातल्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, तो दिसला तर जुन्या टूथब्रशने कोरडाच घासायचा. आणि रात्रभर लावून झोपू नका, संध्याकाळी लावून जेवणं झाली की काढायची, ८०-९० टक्के झाली तरी रोजच्याला पुरते.