लाल ठिपका आणि काळी माती

उपग्रहाच्या रडारने जमिनीची हालचाल मोजण्याची पद्धत, म्हणजे इन्सार, हल्ली बातम्यांतून घरात आली आहे. त्यामुळे या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच वाटेने आले.

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचे जुने बैठे घर आहे. दर उन्हाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात तिरकी भेग पडते, दिवाळीपर्यंत बरीचशी मिटते. भाच्याने रडारच्या चित्रांवरून एक नकाशा केला, त्यात आमच्या गल्लीवर लाल ठिपका आहे. वर्षाला 9 मिलिमीटर खाली, असे त्याचे म्हणणे. घर विकावे का?

थांबा. आधी भाच्याला विचारा, पहिले चित्र कोणत्या महिन्याचे आणि शेवटचे कोणत्या.

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. खाली बेसाल्टचा खडक आणि वर काळी माती, कुठे हातभर, कुठे बरीच खोल. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात एखाद्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन पाहा, भेगेत मनगटापर्यंत हात जातो. ऑक्टोबरात तीच जागा अशी सांधलेली असते की भेग कुठे होती ते सापडत नाही. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन दरवर्षी वर येते आणि खाली जाते. ऑक्टोबर ते मेची चित्रे घेतली तर अख्खी कॉलनी खचताना दिसेल, जून ते सप्टेंबरची घेतली तर तीच वर चढताना. मी स्वतः यात फसलो आहे. नोव्हेंबर ते मेच्या चित्रांवर एक वस्ती लालभडक दिसली आणि दोन रात्री मला झोप नव्हती. पुढच्या पावसाळ्याची चित्रे जोडल्यावर तो उतार राहिला नाही, नुसती लाट निघाली. निदान तीन पूर्ण वर्षांची चित्रे असल्याशिवाय वर्षाचा वेग सांगूच नये, असे माझे मत आहे.

दुसरे विचारा, संदर्भबिंदू कोणता धरला? रडारचे आकडे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतात. स्थिर म्हणून निवडलेली इमारतच काळ्या मातीवर उथळ पायाने उभी असेल, तर उन्हाळ्यात तिच्या मानाने खडकावरचे घर वर आलेले दिसते.

राहिली भेग. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक फुली करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोन फुल्यांमधले अंतर मोजून कॅलेंडरवर लिहा. मिटून परत तेवढीच उघडत असेल तर ती मातीची सवय. दर मेमध्ये मागच्या मेपेक्षा रुंद होत असेल, तर त्या कोपऱ्याजवळची ड्रेनेजची लाइन आणि भिंतीलगतचे मोठे झाड तपासा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हे रडार सांगणार नाही. ते हललेले दाखवते, का हलले हे शोधायला जमिनीवरच यावे लागते.

प्रश्न : उपग्रह 700 किलोमीटरवर आणि चित्रातली एक चौकट 5 बाय 20 मीटरची. त्यात मिलिमीटर कुठून आले? मी आयुष्यभर सर्व्हेचे काम केले, मला पटत नाही.

शंका रास्त आहे. इथे चौकटीची रुंदी मोजत नाहीत, परतलेल्या लहरीची कला, म्हणजे ती चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर परतली ते, मोजतात. सेंटिनेल-1 या युरोपच्या रडार उपग्रहाची लहर सुमारे 5.6 सेंटिमीटरची आहे. 12 दिवसांनी उपग्रह जवळजवळ त्याच जागी येतो तेव्हा भिंत किंचित लांब गेलेली असेल, तर लहर त्या मानाने मागे पडून येते. जाणे-येणे दोन्ही धरता 2.8 सेंटिमीटर सरकले की एक फेरा पुरा होतो.

घड्याळाला फक्त मिनिटकाटा आहे असे समजा. मिनिटे चोख कळतात, तास किती गेले ते कळत नाही. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये 12 दिवसांत 1.4 सेंटिमीटरहून जास्त फरक पडला की गोंधळ सुरू होतो. रस्ता अचानक खचून पडलेला खड्डा म्हणूनच यात मोजता येत नाही.

चित्रांच्या एकाच जोडीवरून मात्र मिलिमीटरच्या गप्पा मारू नयेत. हवेतले बाष्प लहरीला उशीर करते आणि पावसाळ्यात त्यातून कित्येक सेंटिमीटरची खोटी हालचाल निघते. डझनावारी चित्रे एकत्र केली की तो गोंगाट विरतो. जोशीमठला 27 डिसेंबर 2022 ते 8 जानेवारी 2023 या 12 दिवसांत 5.4 सेंटिमीटर खचल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने दाखवले, पण ती हालचालच मोठी होती. आणखी एक : रडार तिरके पाहते आणि उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण फिरतो, म्हणून उत्तर-दक्षिण सरकणे त्याला जवळजवळ दिसत नाही.

प्रश्न : देपालपूरकडे आमची शेती आहे. नकाशात शहर ठिपक्यांनी भरलेले आणि शेते कोरी. का?

सोयाबीनमुळे. 12 दिवसांत पीक वाढते, पाने हलतात, आणि दोन चित्रांत तुलना करायला सारखे काही उरत नाही. शहरात भिंती आणि गच्च्यांचे कठडे वर्षानुवर्षे तसेच असतात. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार उपग्रहात नासाच्या रडारची लहर 24 सेंटिमीटरची आहे. ती पानांतून बरीचशी आरपार जाते, त्यामुळे तुमच्या कोऱ्या जागा भरतील. नांगरट झाली की मात्र तीही चुकेल.

प्रश्न : बोअरिंगचे पाणी दरवर्षी खोल जाते आहे. इंदूरही दिल्लीसारखे खचेल का?

दिल्लीत विमानतळाजवळ कापसहेडा भागात वर्षाला 11 सेंटिमीटरच्या आसपास खचल्याचे रडारने दाखवले आहे. पण तिथे खाली गाळाचे जाड थर आहेत. त्यांतले पाणी उपसले की थर दबतात, आणि दबलेली चिकणमाती पुन्हा पूर्ण फुगत नाही. आपले पाणी बेसाल्टच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत असते, ते काढल्याने खडक तसा दबत नाही. त्या खचण्याची चिंता इथे नको. पाणी संपण्याची मात्र करा.

प्रश्न : यावरून भूकंप आधी कळतो का?

नाही. झाल्यावर जमीन कुठे किती सरकली ते कळते. 1992 च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपापासून ते करत आले आहेत.

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. करते. साध्या लॅपटॉपवर हे शिकता येईल का?

येईल. सेंटिनेल-1 ची चित्रे फुकट मिळतात, स्नॅप हे सॉफ्टवेअरही फुकट. लॅपटॉप दमला तर अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या साइटवर चित्रांची जोडी निवड, ते त्यांच्या सर्व्हरवर तयार करून देतात. पुढे कालक्रम लावायला मिंटपाय हे सॉफ्टवेअर आहे. पहिला सराव मात्र शहरावरच कर, शेतांवर नको.

जमले तर गच्चीवर रडारची लहर आल्या वाटेने परत पाठवणारा एक परावर्तक बसव. ॲल्युमिनियमचे मीटरभराचे तीन त्रिकोण काटकोनात जोडायचे, तळाला पाणी जायला भोक ठेवायचे, तोंड उपग्रहाच्या दिशेला. फॅब्रिकेशनवाला एका दुपारी करून देतो. माझा तीन फेऱ्या चित्रात लखलखीत चमकला, चौथ्या वेळी चार मिलिमीटर सरकलेला निघाला. वर जाऊन पाहिले, तर शेजारच्या काकूंनी त्याला कपड्यांची दोरी बांधली होती आणि तिच्यावर दोन ओल्या चादरी. नोंदवहीत त्या तारखेपुढे मी फक्त 'चादरी' असे लिहून ठेवले आहे.