चालतं मशीन फोडायचं कशाला?

प्रश्न : मी सिएटलजवळ राहते. इथल्या आदिवासी म्हणजे नेटिव्ह अमेरिकन मच्छीमारांच्या बोटींची जुनी डिझेल इंजिनं सरकारी पैशातून बदलून मिळतात असं कळलं. बोट त्यांची, धंदा त्यांचा, मग इंजिन सरकारनं का द्यायचं? आणि द्यायचंच तर इलेक्ट्रिक का नाही? वरसोलीला माझे मामा मासेमारी करतात, त्यांना सांगितलं तर म्हणाले, जुनं मशीन माझ्याकडे पाठवून द्या म्हणावं!
– एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर : मामा भारी आहेत, पण ते मशीन काही त्यांच्या हाती लागायचं नाही. पैसे मिळायची अटच अशी की जुनं इंजिन भंगारात गेलं पाहिजे, आणि तेही ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला, निदान ३ इंचाचं भोक पाडून, म्हणजे परत कुणी जोडून वापरायला नको. वर ते इंजिन चालू असलं पाहिजे, आधीच बंद पडलेलं दाखवून नवं घेता येत नाही. चालतं मशीन फोडायचं म्हणजे जीव तुटतो, पण खरी मेख तिथेच आहे. डिझेल इंजिन लवकर मरत नाही हो. रिंगा, लायनर, बेअरिंग बदलत राहिलं की ३०-४० वर्षं ओढतं, नवे नियम आले तरी ते नव्या इंजिनांना, जुनं आपलं धूर ओकतंय. ते विकलं की दुसऱ्या बोटीत बसणार, धूर या बंदरातून त्या बंदरात गेला एवढंच. आपल्याकडे तर ट्रकचं जुनं मशीन बोटीला बसवलेलंही दिसतं.

आता सरकार का देतं. अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यात डिझेलचा धूर कमी करायची योजना आली, त्यातून तिथली पर्यावरण संस्था ईपीए पैसे देते, ट्रक-बसलाही देते, आणि आदिवासी जमातींसाठी अनुदान वेगळं असतं. बोट धक्क्याला लागली तरी मशीन चालूच, बाजूलाच घरं, आणि डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की.

"धंदा त्यांचा" म्हणालात, तर तो नुसता धंदा नाही. १८५४-५५ च्या तहांत या जमातींनी जमिनी दिल्या पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे त्याच हक्कासाठी त्यांना अटका झाल्या, जाळी जप्त झाली, शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा असं ठरवलं. त्यांच्यातल्याच निआ बे गावच्या माका जमातीचं तर अख्खं गाव समुद्रावर जगतं. त्यांना बोटी कमी करा कोण सांगणार? मग मशीन बदला हेच उरतं.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर बोट दोन-चार दिवस बाहेर राहणार, बॅटरीचं वजन, वर बर्फ आणि मासळी, चार्जिंग कुठे करणार? त्यामुळे बहुतेक वेळा डिझेलच्या जागी डिझेलच येतं, फक्त डिझेल फवारणारं इंजेक्शन कॉम्प्युटरवर चालणारं. धुराचा सगळ्यात कडक नियम, टियर ४, तो ६०० किलोवॅटच्या वरच्या इंजिनांनाच आहे, मच्छीमारांच्या छोट्या बोटी बऱ्याचशा त्याच्या खालच्या टियर ३ मध्ये बसतात. परफेक्ट नाही, पण डेट्रॉईट कंपनीच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुरात जो उभा राहिलाय त्याला फरक लगेच कळेल.

मामांना मात्र एक सांगा, नवं मशीन घ्यायच्या आधी धुराचा रंग बघायला. काळा असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर, आणि बोटीचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) मशीनला जास्तच मोठा आहे का ते, निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि पांढरा धूर मशीन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर मिस्त्रीला दाखवाच, डिझेल न जळता बाहेर पडत असेल नाहीतर आत पाणी शिरत असेल.