शेतकऱ्याच्या मुलीला अभियांत्रिकीला पाठवायचे असेल तर अकरावीपासून काय तयारी करावी?

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की तुमची मुलगी हिंगोली जिल्ह्यात अकरावी विज्ञान शाखेत शिकते, तिला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे, घरी तीन एकर कोरडवाहू शेती आहे, तुम्ही ओबीसी प्रवर्गात येता आणि आत्तापासून काय करावे व पैसे कुठून उभे करावेत हे तुम्हाला समजत नाही. मी बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले आणि त्यातील बरीच वर्षे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचे कामही माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्यासारख्या घरातील मुलीचे शिक्षण फीपायी अडण्याची भीती आज पूर्वीइतकी राहिलेली नाही. ते अडते ते वेळेवर न मिळालेल्या कागदांपायी आणि पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवणाच्या खर्चापायी. या दोन्ही गोष्टींची सुरुवात बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर याच वर्षी करावी लागते.

आधी फीविषयी. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याआधी ही सवलत निम्मीच होती. मात्र यातील अट नीट लक्षात घ्या. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातूनच झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागेला ही माफी नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे यांनाही नाही. जाहिरात पाहून किंवा एजंटाच्या सांगण्यावरून अशा विद्यापीठात आधीच ‘सीट बुक’ करून मोकळे झालेले पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलींना चांगले गुण मिळाले होते आणि त्या कॅपमधून सहज लागल्या असत्या, पण भरलेली रक्कम परत मिळवताना त्यांची फार दमछाक झाली. तुम्ही कोणालाही एक रुपयाही आगाऊ देऊ नका. शिवाय विकास शुल्क, अनामत, वसतिगृह आणि मेस या गोष्टी माफीत येत नाहीत, हेही आत्ताच धरून चला.

आता कागदांविषयी, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) ही चार कागदपत्रे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मिळतात, नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून ते प्रवेशाच्या वर्षाचे असले पाहिजे एवढे ध्यानात ठेवा. यांना वेळ लागला तरी ती मिळून जातात. खरी कसोटी आहे जात वैधता प्रमाणपत्राची, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवणाऱ्या ‘व्हॅलिडिटी’ची. त्याचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो, अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो महाविद्यालयाच्या पत्रासह करता येतो, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणजे तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुने महसुली कागद असे काहीतरी शोधावे लागते. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातील नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतात, त्यामुळे त्या शोधणे, वाचून घेणे आणि त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घेणे यातच कधी कधी दोन-तीन महिने जातात. तुमच्या सख्ख्या भावाचे, चुलत्याचे किंवा त्यांच्या मुलांचे वैधता प्रमाणपत्र आधीच निघालेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते, म्हणून पहिली चौकशी भावकीत करा.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव शाळेच्या उताऱ्यात ‘महादू’ आणि सातबाऱ्यावर ‘महादेव’ असे होते. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यासाठी शपथपत्र आणि आणखी पुरावे जोडावे लागले, सुनावणीची तारीख पुढे गेली, आणि प्रवेशाच्या अंतिम मुदतीपर्यंत प्रमाणपत्र हाती आले नाही. राखीव प्रवर्गातून त्याला मिळालेली शासकीय महाविद्यालयातील जागा गेली आणि खुल्या प्रवर्गातून दूरच्या खासगी महाविद्यालयात जावे लागले. त्या मुलाची हुशारी कमी नव्हती आणि घरच्यांची धडपडही कमी नव्हती; फक्त अर्ज बारावीची परीक्षा झाल्यावर केला होता. तेव्हापासून मी अकरावीच्या पहिल्याच महिन्यात वर्गात उभा राहून प्रत्येकाला विचारत असे, ‘घरातल्या कोणाची व्हॅलिडिटी आहे का?’ मुलीचे, तुमचे आणि आजोबांचे नाव दहावीचे गुणपत्रक, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या सर्वांवर अक्षरशः एकसारखे आहे का, ते आजच रात्री एकत्र ठेवून पाहा.

अभ्यासाविषयी थोडक्यात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात. ही परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५० आणि गणित एकटे १०० गुणांचे, कारण गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतो. याचा अर्थ असा की तिच्याकडे रोज तीन तास असतील तर दीड तास गणिताला द्यावा. पाया राज्य मंडळाच्या पुस्तकांचाच आहे आणि ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मराठी माध्यमातून आलेली असेल तर पहिल्या सहामाहीत इंग्रजी संज्ञा अडतील; त्यांची मराठी अर्थांसह एक वही तिला करू द्या, सहा महिन्यांत ती अडचण बहुतेक सरते. लातूर किंवा नांदेडला दोन वर्षे क्लाससाठी ठेवावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणारच. चार वर्षांसाठी बाजूला ठेवलेला पैसा दोन वर्षांच्या क्लासवर संपवू नये, असे माझे ठाम मत आहे. गावाजवळचे चांगले शिक्षक, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि संगणकावर परीक्षा देण्याचा सराव यांवर चांगले पर्सेंटाइल मिळवणाऱ्या मुली मी दर वर्षी पाहिल्या आहेत.

राहिला राहण्या-जेवणाचा खर्च. महिना सात हजार धरले तर दहा महिन्यांचे सत्तर हजार आणि चार वर्षांचे दोन लाख ऐंशी हजार होतात. म्हणून पसंतीक्रम भरताना केवळ पुण्याकडे पाहू नका. नांदेडचे श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय तुमच्यापासून जवळ आहे, त्याची प्रतिष्ठा मोठी आहे आणि तिथे राहण्याचा खर्च पुण्याहून पुष्कळ कमी येतो. ओबीसी मुलींच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्यात पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि लहान शहरांत त्याहून कमी. लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असल्याने अर्ज सुरू होताच भरावा. हे पैसे मुलीच्या स्वतःच्या आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि हप्ता पुष्कळदा सत्र संपत आल्यावर पडतो. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च हातात हवाच.

त्यासाठी सावकाराकडे जाऊ नका आणि जमिनीचा तुकडाही विकू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते, चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, आणि त्यात मेस, वसतिगृह व लॅपटॉपही धरता येतो. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि महाविद्यालय किंवा अभ्यासक्रम मानांकित असेल तर शिक्षण चालू असेपर्यंतचे व्याज केंद्र शासन भरते. तुम्हाला चार वर्षांत मिळून दोन-अडीच लाखांचेच कर्ज लागेल. ते मंजूर झाले तरी एकदम न उचलता गरजेप्रमाणे वर्षावर्षाने उचला.

या आठवड्यात एवढेच करा: तुमच्या वडिलांच्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वडील शाळेत गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तसाच अर्ज करा. उतारा हाती आल्यावर त्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव कसे लिहिले आहे ते इथे कळवा. फरक असेल तर शपथपत्राचा मसुदा कसा असावा ते मी लिहून देईन.