क्रीटचे किनारे गाडीने: आधी वारा बघा, मग किनारा ठरवा

ग्रीसच्या क्रीट बेटावर सप्टेंबरमधले पाच दिवस, मुक्काम पश्चिमेकडच्या हानिया शहरात, भाड्याची गाडी, सोबत गुडघ्यांचा त्रास असलेली आई, आणि यादीत बालोस, एलाफोनिसी, फालासार्ना, प्रेवेली, वाय हे पाच किनारे. हे सगळं बसेल का, असं तुम्ही विचारलंय. वाय काढून टाका, बाकीचं बसतं. क्रीट पूर्व-पश्चिम साधारण 260 किमी लांब आहे. वाय अगदी पूर्वेच्या टोकाला आणि तुम्ही पश्चिमेला, म्हणजे तो सगळा दिवस गाडीतच जाणार. तिथलं आकर्षण असलेली क्रीटची खजुरीची झाडं तुम्हाला प्रेवेलीलाही भेटतील, जात तीच.

उरलेल्या चार किनाऱ्यांना मात्र आत्तापासून वार नेमून देऊ नका. हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून 'मेल्तेमी' वारा सुटतो. त्याचा खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण सप्टेंबरमध्येही तो दोन-तीन दिवस ठाण मांडू शकतो. तेव्हा फालासार्नाला मोठ्या लाटा येतात आणि एलाफोनिसीला वाळू पायांना सुयांसारखी टोचते. रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज बघा. आकडा बोफोर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या पट्टीवर असतो. 3-4 असेल तर कुठेही जा. 5 किंवा जास्त असेल तर ते दोन्ही किनारे पुढे ढकला आणि पालेओखोराला जा. हे दक्षिण किनाऱ्यावरचं गाव जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला गोट्यांचा, आणि मधलं अंतर चालत काही मिनिटांचं. एका बाजूला वारा असला तर दुसरीकडे बहुतेक वेळा पाणी शांत मिळतं. तुमच्या यादीत हे नव्हतं, पण वाऱ्याच्या दिवसासाठी हाताशी असू द्या.

बालोसला गाडी नेऊ नका. कालिवियानी गावापासून पुढे साधारण 8 किमी खडीचा कच्चा रस्ता आहे. भाड्याच्या गाडीचा विमा टायर आणि गाडीच्या खालच्या भागाला सहसा लागू नसतो, आणि पुष्कळ करारांत कच्च्या रस्त्यावर जायला मनाईच असते. शिवाय गाडी लावून डोंगर उतरावा लागतो आणि परतताना तोच चढ भर उन्हात चढावा लागतो. आईंना हे झेपणार नाही. किसामोसच्या बंदरातून बोट घ्या. बहुतेक फेऱ्या आधी ग्रामवूसा बेटावर थांबतात. तिथल्या व्हेनेशियन किल्ल्यावर तुम्ही चढून या, आई खाली किनाऱ्यावर बसतील. बोटीतून कड्यांच्या पायथ्याकडे नीट बघा. पाण्याच्या बरीच वर, खडकात कोरल्यासारखी एक आडवी खाच लांबवर दिसते. ती समुद्राची जुनी पातळी आहे. इसवी सन 365 च्या भूकंपात क्रीटचं हे पश्चिम टोक काही ठिकाणी 9 मीटरपर्यंत वर उचललं गेलं. फालासार्नाचं प्राचीन बंदर त्यामुळेच आज कोरड्या जमिनीवर आहे. तिथे संध्याकाळी जा: आधी बंदराचे अवशेष, मग पोहणं, मग सूर्यास्त. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे.

एलाफोनिसी हानियापासून सुमारे 75 किमी, पण दीड तास धरा. सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर बस येऊ लागतात. अख्खी वाळू गुलाबी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. लाट मागे सरली की काठाच्या ओल्या वाळूत गुलाबी रेघ उमटते. फोरामिनिफेरा नावाच्या अगदी बारीक समुद्री जीवांच्या कवचांचा तो चुरा असतो. वाळू घरी न्यायला बंदी आहे, मुठीएवढीसुद्धा नेऊ नका. इथलं पाणी उथळ आणि तळ वाळूचा, त्यामुळे आईंना या चारांत हाच किनारा सगळ्यात सोयीचा.

जाताना टोपोलियाच्या घळीतून जा. तिथे एकेरी बोगदा आहे, सिग्नल बघूनच गाडी घाला. येताना मात्र काम्पोस-स्फिनारीचा किनाऱ्याचा रस्ता धरा. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उत्तरेकडे येताना तुमची गाडी डोंगराच्या अंगाला राहते. उलट दिशेने गेलात तर समुद्राकडचा कडा तुमच्या बाजूला येतो. आंबोली घाटात चालवायचा सराव असेल तर वळणांची भीती नाही, फक्त बकऱ्यांसाठी वेग कमी ठेवा.

प्रेवेलीला शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. आईंना न्यायचंच असेल तर प्लाकियासहून बोट मिळते, नाहीतर त्यांना घेऊन वरचा मठ बघा. 1941 मध्ये क्रीट जर्मनांच्या हाती गेल्यावर या मठाने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना आसरा दिला आणि त्यांतले कित्येक इथल्याच किनाऱ्यावरून ब्रिटिश पाणबुड्यांतून निसटले. खालची खजुरीची राई ऑगस्ट 2010 च्या आगीत होरपळली होती. ती पुन्हा हिरवी झालेली बघून मला फार बरं वाटलं.

आता गाडीचं. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच, आरटीओकडून काढून न्या आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. ऑटोमॅटिक गाडी महाग पडते, पण पहिल्यांदाच उजव्या बाजूने चालवणार असाल तर तीच घ्या, डोकं रस्त्याकडे मोकळं राहतं. इंडिकेटर स्टिअरिंगच्या डाव्या हाताला असतो, निघण्याआधी उभ्या गाडीत दोन-चार वेळा लावून बघा. उत्तरेच्या हमरस्त्यावर मागून वेगात गाडी आली की इथले लोक उजवीकडच्या पट्ट्यावर सरकून वाट देतात. पुढचं स्वच्छ दिसत असेल तेव्हाच सरका, वळणावर मुळीच नाही. जेवणानंतर हॉटेलवाले प्रेमाने राकी ही इथली कडक दारू देतात, चालवणाऱ्याने हात जोडून नको म्हणावं. आणि एलाफोनिसीला निघायच्या आदल्या संध्याकाळी हानियातच टाकी भरून घ्या. त्या बाजूला पंप मोजके आहेत आणि छोट्या गावांतले रविवारी बंदही असतात.