दहावीनंतर आयटीआय करू की थेट वायरमनच्या हाताखाली लागू?

दहावीला ५८ टक्के पडलेत, गावातला वायरमन दिवसाला ३०० रुपये देऊन हाताखाली घ्यायला तयार आहे आणि घरचे म्हणतात दोन वर्षं आयटीआयत कशाला घालवतोस, असं तू लिहिलं आहेस. मी वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

आयटीआयच कर, आणि सुट्टीत त्या वायरमनकडे जा. झरी मारणं (पाइपसाठी भिंतीत खाच पाडणं), पाइप टाकणं, वायर ओढणं, बोर्ड भरणं हे त्याच्याकडे सहा महिन्यांत हातात बसेल, आणि तेवढी सफाई वर्कशॉपमध्ये येत नाही, हे खरंच आहे. पण लाइटला १ चौरस मिलिमीटरची वायर, पॉवरला अडीच, एसीला ४ हे नुसतं पाठ होईल. लोड, म्हणजे वायरीवर किती भार येणार, तो कसा काढायचा ते त्याने सांगितलं तर नशीब. शिवाय उद्या महावितरणची विद्युत सहाय्यकाची भरती निघाली, तर प्रमाणपत्राशिवाय अर्जसुद्धा भरता येणार नाही.

या कामाचे ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, दोन आहेत, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन). दोन्ही दोन-दोन वर्षांचे. दहावीला गणित-विज्ञान आहे ना, मग वीजतंत्रीला पहिली पसंती दे. मोटर, स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारं उपकरण), कंट्रोल वायरिंग त्यात जास्त होतं आणि कारखान्यात तेच विचारतात.

आयटीआय झाल्यावर वर्षभराची अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम. खरा इलेक्ट्रिशियन तिथे घडतो, किंवा तिथेच वाया जातो.

मी भोसरीतल्या एका कंपनीत होतो. पहिले तीन महिने शिडी धरली आणि चहा आणला. मग मेंटेनन्समधल्या एका जुन्या माणसाबरोबर पाठवलं, त्यांना सगळे मामा म्हणत. पहिल्याच दिवशी क्रेनची मोटर बंद पडली. मामांनी पॅनेलमधले तीनही किटकॅट फ्यूज (हाताने उपसून काढता येणारे फ्यूज) काढले आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातले. म्हणाले, "वर मी चढतोय. खाली मॅनेजर आला तरी हे द्यायचे नाहीत." आणि आलाच एक साहेब! प्रॉडक्शन लाइन थांबलीय, सप्लाय चालू कर, म्हणून माझ्यावर ओरडला. मी खिशावर हात दाबून उभा. मामा वीस मिनिटांनी उतरले, फ्यूज मागून घेतले आणि मगच टेस्टर माझ्या हातात दिला. दोन वर्षांत सुरक्षिततेचा जो धडा चार वेळा वहीत लिहिला होता, तो त्या वीस मिनिटांत कळला. आता फ्यूजऐवजी एमसीबी (आपोआप पडणारे स्विच) असतात, त्यांना कुलूप लावता येतं. लावतात किती जण, ते तूच बघशील.

म्हणून कंपनी निवडताना विद्यावेतनावर जाऊ नकोस. २०१९च्या नियमांनी आयटीआयवाल्याला महिना किमान ७,००० ठरवले. काही ठिकाणी जास्त देतात, पण चाकणला खोली घेतलीस तर उरतं फार थोडं. त्यापेक्षा तिथून बाहेर पडलेल्या पोरांना विचार, "मेंटेनन्सला टाकतात की लाइनवर स्क्रू पिळायला?" पुष्कळ ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला मजूर. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात, त्यामुळे काही जण नुसती संख्या भरतात. दुसरं, सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुझा करार नोंदवलाय का ते स्वतः उघडून बघ. माझ्या एका मित्राला "करतो, करतो" म्हणत आठ महिने राबवलं, शेवटी परीक्षेला नावच नव्हतं. आणि वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

मेंटेनन्स मिळालं तर डायरी ठेव. कुठली मोटर का बंद पडली, जास्त भाराने ओव्हरलोड ट्रिप झाला की तीनपैकी एक फेज गेला, आधी काय तपासलं. मोठी मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं ड्रॉइंग न बघता काढता आलं की मुलाखतीत अर्धं काम होतं.

प्रवेश होईपर्यंत मोकळाच आहेस, तर त्या वायरमनकडून सिरीज बोर्ड बांधायला शिकून घे, त्याच्या नजरेखाली. शंभर वॅटचा साधा बल्ब तपासायच्या वस्तूशी सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेत एकामागे एक. इस्त्री आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, कुठे तुटलेली असेल तर पेटतच नाही. ठीक असलेल्या इस्त्रीवर तो किती पेटतो आणि का, ते त्यालाच विचार. उत्तर देता आलं, तर माणूस शिकण्यासारखा आहे.